डोंगर बसमधून दिसत नाही



पर्व संपलं, पारणी झाली, क्षमावाणीचे मेसेजही एकमेकींना पाठवून झाले. मागच्या वेळी मी पारण्याच्या दिवशी पोटाला काय सोसतं ते लिहिलं होतं. आज स्वयंपाकघरातलं काही नाही. आज जरा भांडायचंय.

भांडण एका फोटोवरून आहे. ऑफिसच्या कामासाठी मी पाच दिवस नाशिकला होते. तिथे सकाळी पळायला गेले असताना एका डोंगराचा फोटो काढला आणि आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "पळता पळता गजपंथ." वाटलं, हात जोडलेली चार चित्रं येतील. ती आलीही, पण त्यांच्या मधे मधे हेही आलं: "एकटीच?" "एवढ्या सकाळी अनोळखी गावात?" "चातुर्मासात पळायचं म्हणजे पायाखाली किती जीव!" "क्षेत्रापर्यंत गेलीस आणि वर दर्शनाला नाही गेलीस?" शेवटी एका ज्येष्ठ काकूंनी लिहिलं, "यात्रा भावानं करायची असते, बूट घालून नाही."

याच काकूंनी मला लग्नानंतर सामायिक शिकवलं. त्यांना ग्रुपवर उलट उत्तर द्यायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पण प्रश्न एकट्या माझा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. काकूही हे वाचतात, मला माहीत आहे.

आधी माझं पळणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुमच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरच्या मॅरेथॉनमधल्या बायका येतील. माझं वय 52. दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर वाढलेली निघाली, डॉक्टर म्हणाले, रोज चाला. चालता चालता कधीतरी सावकाश पळायला लागले. विजेचे दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. अंगात सैल पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात कापडी बूट. दुधाची सायकल मला मागे टाकून पुढे जाते. याला पळणं म्हणावं का, हाही एक वाद होईल.

नाशिकचं काम होतं कोल्ड स्टोरेजमधला माल मोजायचं. आमचं ऑफिस बँकांसाठी स्टॉक ऑडिट करतं. मी सांगलीची, बेदाण्याच्या बाजारपेठेतली. इथे बेदाण्याची खोकी मोजते, तिथेही तीच मोजायची. दिवसभर स्वेटर घालून थंड खोलीत थप्प्या मोजा, बाहेर येऊन रजिस्टरशी ताळा घाला, दिवस मावळायच्या आत डबा उरका आणि हॉटेलच्या खोलीत पुन्हा तक्ते भरा. नाशिक म्हणजे माझ्या लेखी ही खोकी, ती खोली आणि त्या दोन्हींमधला हायवे.

हॉटेल पंचवटीत, दिंडोरी नाक्याजवळ होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली, सामायिक झालं, आणि खोलीत येरझाऱ्या घालण्यापेक्षा बाहेर पडावं म्हटलं. खाली काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काकू, दिंडोरी रोडनं सरळ जा, सकाळी बरीच माणसं असतात फिरायला." बरोबरच्या आर्टिकल मुलीला मेसेज टाकला, कुठल्या रस्त्यानं जातेय आणि किती वाजता परत येईन. सव्वासहा झाले होते, चांगलं दिसत होतं. उजेड झाल्याशिवाय मी पाऊल बाहेर टाकत नाही.

पहिले दोन किलोमीटर म्हणजे शहरच. बाजार समितीपाशी टोमॅटोचे क्रेट लादलेल्या पिकअप गाड्या, चहाच्या टपऱ्या, हॉर्न. पुढे मेरीचा परिसर लागला आणि आवाज जरा कमी झाला. मी मान खाली घालून खांब मोजत होते. त्या नादात कधीतरी मान वर केली.

रस्त्याच्या टोकाला धुकं होतं, पांढरं, जमिनीलगत बसलेलं. मी बघता बघता ते हललं आणि त्यातून डोंगर वर आला. रात्री पाऊस पडून गेला होता. डोंगर खालपासून वरपर्यंत हिरवा, आणि त्या हिरव्यात काळ्या खडकाचे आडवे पट्टे, पट्टी लावून ओढल्यासारखे सरळ. हे पट्टे म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, एकावर एक थिजलेले. शाळेत भूगोलात शिकले होते, पण इतक्या जवळून बघण्याची वेळ कधी आली नव्हती. ऊन वरच्या कड्यावर पडलं होतं, खाली अजून सावली. मी थांबले. खांब मोजायचं राहून गेलं.

तिथून पुढे मी पळाले कमी आणि बघितलं जास्त. म्हसरूळकडे जाताना रस्त्याच्या कडेला गुलाबी तेरडा होता, कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे होते, मधे मधे पिवळी सोनकी. तारेवर वेडे राघू ओळीनं बसलेले. डांबरावर एक गोगलगाय आडवी निघाली होती. ती कडेला पोचेपर्यंत मी उभी राहिले आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला हात केला. तो वळसा घालून गेला आणि माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघून गेला.

एक बाई डोक्यावर पाटी, हातात खुरपं घेऊन चालली होती, निंदणीला. मला म्हणाली, "बाई, कोणी मागं लागलंय का?" मी हसले. म्हटलं, साखर लागलीय मागं. मग तीही हसली. मी विचारलं, "मावशी, हा डोंगर कोणता हो?"

"चांभार लेण्याचा."

नाव ऐकल्यासारखं वाटलं, पण डोक्यात काही उजळेना. म्हटलं असेल एखादा. आणखी थोडं पुढे गेले आणि पाटी दिसली: श्री गजपंथ सिद्धक्षेत्र.

मैत्रिणींनो, मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहिले. त्या क्षेत्री मी आधी तीन वेळा जाऊन आले होते. एकदा लग्नानंतर सासूबाईंबरोबर, एकदा मुलाचं जावळ झाल्यावर, आणि चार वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाच्या बसनं. आपण रोज निर्वाणकांडात या डोंगराचं नाव घेतो. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी इथून मोक्षाला गेले, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि तो डोंगर समोर उभा असताना मी एका परक्या बाईला विचारत होते, हा कोणता म्हणून!

त्या तीन यात्रांतलं मला काय आठवतं ते रात्री हॉटेलवर आठवून बघितलं. पायऱ्या आठवतात, कारण मोजल्या होत्या. पार्श्वनाथ भगवंतांची मोठी मूर्ती आठवते. गंधोदक आठवतं. बसच्या ड्रायव्हरचा हॉर्न आठवतो, आणि "चला गं, अर्ध्या तासात खाली या, दिवस मावळायच्या आत मांगीतुंगीला पोचायचंय" ही हाक आठवते. डोंगर आठवत नाही. खिडकीतून बघितला असेल, पण तेव्हा मी भेळेचा डबा उघडत असेन नाहीतर कुणाच्या तरी लेकीच्या स्थळाबद्दल बोलत असेन.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या बायका क्षेत्री जातात आणि क्षेत्र न बघता परत येतात, कारण आपण स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेनं कुठे जातच नाही. कुणीतरी नेतं, कुणीतरी आणतं, हॉर्न वाजला की आपण उठतो. आणि एखादी आपल्या पायांनी गेलीच, तर आपणच तिला विचारतो, एकटीच?

आता आक्षेप एकेक घेते.

पहिला, सुरक्षिततेचा. हा खोटा नाही, त्याला मी हसणार नाही. मी उजेडात गेले, वर्दळीच्या रस्त्यानं गेले, कानात काही घातलं नव्हतं, कुठे जातेय ते सांगून गेले. एवढी काळजी मी घेते आणि प्रत्येकीनं घ्यावी. पण एक विचारू? पहाटे पाचला अंधारात अभिषेकाच्या तयारीसाठी आपल्यातली एकेकटी बाई मंदिरात जाते, तेव्हा ग्रुपवर कुणी विचारतं, एकटीच? डेअरीवर दूध आणायला पाठवताना विचारतो आपण? घरासाठी किंवा मंदिरासाठी गेली तर ती सुरक्षित, स्वतःसाठी गेली की एकदम धोक्यात? ती खुरपंवाली मावशी रोज त्या रस्त्यानं चालत जाते. तिची मर्यादा कुणी काढत नाही, कारण ती गेली नाही तर चूल पेटत नाही. आपली मर्यादा ही बसून खाणाऱ्या घराची चैन आहे, तिला धर्माचं नाव कशाला द्यायचं?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्यावर मी रात्रभर विचार केला. चातुर्मास, पायाखालचे जीव. खरंय. पावसाळ्यात जमीन जीवांनी भरलेली असते, म्हणून तर मुनी आणि आर्यिका विहार थांबवून एका जागी राहतात. मी ओल्या गवतात पाय घालत नाही, डांबर सोडत नाही. ईर्यासमिती सांगते की चार हात पुढची जमीन बघत चाला. मी साध्वी नाही, माझं पळणं निर्दोष आहे असं म्हणायची माझी छाती नाही. एखादी मुंगी गेली असेलच, आणि त्याचं प्रतिक्रमण मी रोज करते.

पण मग सगळंच मोजू या ना. चातुर्मासात महाराजांच्या दर्शनाला आपण रविवारच्या रविवार बस करून जातो. सांगलीहून नाशिक चारशे किलोमीटरच्या वर. रात्रीचा प्रवास, पुढे दोन मोठे दिवे, आणि सकाळी बसच्या काचेवर काय चिकटलेलं असतं ते क्लीनरला विचारा. तो फडक्यानं पुसून टाकतो. तेव्हा आपण आत भजनं म्हणत असतो. तीन यात्रांमध्ये बसमधून मला एकही गोगलगाय दिसली नाही. ती दिसली मी पायी होते म्हणून, आणि दिसली म्हणूनच थांबता आलं. जीव जपायचे तर आधी ते दिसायला हवेत.

याच मुद्द्यावर काकूंनी फोन करून अनर्थदंडाची आठवण दिली. निष्कारण भटकणं म्हणजे प्रमादचर्या, श्रावकानं ती टाळावी. काकू, तुम्हीच शिकवलंय, म्हणून तुमच्याच वहीतून बोलते. अनर्थदंडाचे प्रकार पाच: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. मी एक पान तोडलं नाही, एक दगड उलटला नाही. शरीर धड राहावं म्हणून गेले, त्याला निष्कारण कसं म्हणायचं? आणि दुपारी दोन ते चार आपण मालिकेतल्या सासू-सुनांची कारस्थानं बघतो आणि संध्याकाळी ग्रुपवर तिसरीच्या सुनेबद्दल बोलतो, ती दुःश्रुती आणि अपध्यान कोणत्या खात्यात टाकायचं? पाचांतलं एकच बोट दाखवायचं आणि तेही घराबाहेर पडलेल्या बाईकडे, हा हिशेब ऑडिटला पास होणार नाही.

तिसरा, दर्शन न घेता परतले हा. मी घामेजलेली होते, आंघोळ झाली नव्हती, कपडे शुद्ध नव्हते. तशी वर गेले असते तर तुम्हीच मला बोलला असतात, आणि बरोबर बोलला असतात. मी पहिल्या पायरीपाशी बूट काढले, नऊ वेळा णमोकार म्हटला आणि वर बघितलं. शनिवारी अर्धा दिवस मोकळा मिळाला तेव्हा आंघोळ करून, साडी नेसून रिक्षानं गेले आणि रीतसर दर्शन घेतलं. तरी विचारते, सिद्धक्षेत्र कशाला म्हणतात? मूर्ती कुठल्याही गावी बसवता येते. सिद्धक्षेत्रात वंदन असतं ते त्या भूमीला. मुनी तिथे ध्यानाला बसले तेव्हा पायऱ्या नव्हत्या, आणि आज आपण बघतो ती लेणीसुद्धा फार नंतरची, अकराव्या-बाराव्या शतकातली. तेव्हा होता तो हा खडक, हे गवत, हा पाऊस. त्यांच्याकडे डोळे भरून बघणं हे दर्शन नाही का?

चौथा आक्षेप कुणी ग्रुपवर लिहिला नाही, तो माझ्याच मनात आला. डोंगर बघून मला आनंद झाला, थांबून राहावंसं वाटलं. हा राग नाही का? आपला धर्म तर वीतरागाचा. सुंदर दिसलं म्हणून थांबणं म्हणजे इंद्रियांच्या मागे जाणंच की.

याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. महाराजांना विचारीन. पण मला काही गोष्टी दिसतात. भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झालं ते वटवृक्षाखाली, महावीरांना नदीकाठच्या शालवृक्षाखाली. चोवीसपैकी वीस तीर्थंकर सम्मेद शिखरावरून मोक्षाला गेले, नेमिनाथ गिरनारवरून, आदिनाथ कैलासावरून. आठ प्रातिहार्यांत पहिलं नाव अशोकवृक्षाचं. वीतरागी होण्यासाठी सगळे जण घर सोडून झाडाखाली आणि डोंगरावर गेले, आणि आपण मात्र ते डोंगर बघायला गेलो की म्हणतो, मन भटकेल! उलट माझा अनुभव सांगते. त्या दहा मिनिटांत मला खोकी आठवली नाहीत, घर आठवलं नाही, कुणाचा राग आला नाही, काही हवंसं वाटलं नाही. फोटोसुद्धा निघताना काढला. सामायिकात 48 मिनिटं बसून मला एवढं स्थिर राहता येत नाही. दागिन्यांच्या दुकानात होणारा आनंद आणि हा आनंद एकाच तराजूत घालता येतील असं मला वाटत नाही. आणि पर्वातल्या पूजेला साडीचा रंग ठरवण्यात आपला जो जीव जातो, त्याला कुणी राग म्हटलेलं मी तरी अजून ऐकलं नाही.

आणखी एक आठवण करून देते. 2023 च्या जानेवारीत सम्मेद शिखर पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून देशभर आपला समाज रस्त्यावर उतरला होता. बायका पुढे होत्या, फलक हातात, घोषणा, भर चौकात. केंद्र सरकारला तिथल्या पर्यटनाला स्थगिती द्यावी लागली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बायकांनी रस्त्यावर यायचं नसतं. उलट ज्या घरी थांबल्या त्यांना नावं ठेवली. डोंगर वाचवायला बाई रस्त्यावर चालते, मग तोच डोंगर बघायला का चालत नाही?

आर्यिका तर आयुष्यभर पायी, अनवाणी चालतात. ज्यांच्या प्रेरणेनं मांगीतुंगीला ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती उभी राहिली आणि 2016 मध्ये तिची प्रतिष्ठा झाली, त्या ज्ञानमती माताजींनी किती प्रांत पायाखाली घातले! तुम्ही म्हणाल, आर्यिका एकट्या विहार करत नाहीत. मान्य. मीही एकटीनंच जा म्हणत नाही. दोघी जा, चौघी जा. पण कुणीतरी गाडी काढून नेईल तेव्हाच जायचं, हा नियम कोणत्या शास्त्रात आहे तेवढं मला दाखवा.

इथपर्यंत मी तुमच्याशी भांडले. आता ज्या बाईशी सगळ्यात जास्त भांडायला हवं तिच्याबद्दल सांगते, ती मीच.

माझी सून बेळगावकडची. लग्नाआधी रोज पळायची, कॉलेजात असताना दहा दहा किलोमीटर. आमच्याकडे आली तेव्हा बॅगेत पळायचे बूट होते. लग्नानंतर आठवड्याभरानं एका सकाळी ती ते घालून निघाली. दुसऱ्या दिवशीही निघाली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अगं, आपल्या गल्लीत बरं दिसत नाही. नव्या सुनेकडे लोकांचं लक्ष असतं. हवं तर गच्चीत फेऱ्या मार की." मी ओरडले नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. ती म्हणाली, "बरं, आई." बूट माळ्यावर गेले. ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची.

आणि चार वर्षांनी मी स्वतः पळायला लागले. मला कुणी काही म्हणालं नाही, कारण माझ्या हातात डॉक्टरांचा कागद होता. आपल्या घरात बाईला बाहेर पडायला आजार लागतो, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. सूर्योदयानंतर दोन घटका झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही, म्हणून परत आल्यावर लगेच प्यायला उकळून गार केलेलं पाणी लागतं. ते रोज ओट्यावर तयार असतं. कोण ठेवतं? सून ठेवते. दोन वर्षं मी तिच्या हातचं पाणी पिऊन साखर कमी केली आणि एकदाही मला तिचे बूट आठवले नाहीत.

ते आठवले गजपंथाच्या पायरीपाशी, माझे बूट काढताना.

क्षमावाणीला मी तिला मेसेज पाठवला होता. ती शेजारच्या खोलीत होती. सगळ्यांना पाठवला तोच, फुलांचं चित्र आणि "उत्तम क्षमा". नाशिकहून परत आले त्या रात्री स्वयंपाकघर आवरताना तिला म्हटलं, "तुझं पळणं मी बंद केलं. चुकलं माझं." ती पातेलं पुसत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बूट कुठायत आता, आई. मागच्या दिवाळीत मावशींच्या मुलीला देऊन टाकले." आणि ती विरजण लावायला वळली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं नाही, आणि लगेच माफ कर असं म्हणायचा हक्क मला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जाऊन नवे बूट आणले. ती जाते की नाही, कधी जाते, ते तिचं तिनं ठरवायचं. मी एवढंच ठरवलंय की सकाळी सहा ते सात दूध, नातवाचा डबा आणि दारावरची बेल माझ्याकडे. मी संध्याकाळी उन्हं उतरली की जाईन. कारण सुनेला तोंडानं "जा गं" म्हणणं फार सोपं असतं. त्या वेळात दूध उतू जाऊ नये म्हणून कोण उभं राहणार, ते सांगितल्याशिवाय त्या "जा"ला काही अर्थ नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, माझ्या तीन मागण्या आहेत. पुढच्या मीटिंगला मी त्या मांडणार आहे, आधीच सांगून ठेवते.

एक, पुढच्या यात्रेत बस म्हसरूळ गावातच थांबवायची. ज्यांचे गुडघे साथ देतात त्या सगळ्या तिथून पायथ्यापर्यंत चालत जातील, उजेडात, जमीन बघत. ज्यांना जमत नाही त्या रिक्षानं येतील, त्यांना कुणी बोलणार नाही.

दोन, वर दर्शन झाल्यावर अर्धा तास कुणीही हॉर्न वाजवायचा नाही. मोजणी नाही, फोटो नाही. नुसतं बसायचं आणि बघायचं. मांगीतुंगी एका दिवसानं पुढे ढकलली तर काही बिघडत नाही, एक मुक्काम वाढेल.

तीन, घरात जिचे बूट माळ्यावर गेलेत, मग ते पळायचे असोत, नाचाचे घुंगरू असोत की सायकलची किल्ली, तिला आपण होऊन विचारायचं. तिनं मागायची वाट बघायची नाही. ती मागत नाही. ती "बरं, आई" म्हणते.

काकू, तुमचा राग आला नाही, आणि तुम्हीही मानू नका. बूट घालून भाव येतो की नाही, यावर आपण समोरासमोर बसून बोलू. त्याआधी एकदा माझ्याबरोबर चला. फार लांब नको, कृष्णेच्या घाटापर्यंत, सकाळी उजेड झाल्यावर. चपला चालतील.

सस्नेह जय जिनेंद्र.